केत्झाल पाहायचा तर झाडं ओळखणारा माणूस गाठा : सान हेरार्दो दे दोताची पहाटफेरी

आधी निकाल सांगते, बाकीचं मागाहून. पाचापैकी साडेचार. अर्धा गुण कशाचा कापला ते पुढे येईलच. कोस्टा रिकात जाणार असाल, केत्झाल हा लांब पिसांचा हिरवा-लाल पक्षी बघायची हौस असेल आणि पहाटे पावणेपाचला उठून थंडीत उभं राहायची तयारी असेल, तर सान हेरार्दो दे दोताच्या खोऱ्यातली पहाटफेरी घ्या, आणि गाइड त्याच खोऱ्यातला घ्या. राजधानी सान होसेमधून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहलींच्या नादी लागू नका. त्या गाड्या खोऱ्यात पोचेपर्यंत पाखरांची न्याहारी उरकलेली असते.

मी सावंतवाडीची. नोकरी शाळेत झाली, आता बाग आणि गुडघे सांभाळते. लेक-जावई टेक्ससला असतात. त्यांच्याकडे गेलं की चार दिवस आम्हाला कुठेतरी फिरवून आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. यंदा मार्चमध्ये जावयांनी कॅरिबियन समुद्र सुचवला. म्हटलं, समुद्र वेंगुर्ल्याला आहे की. आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड. आंबोलीत मलबार ट्रोगन दिसावा म्हणून ह्या माणसाने जळवांना किती रक्त पाजलंय त्याचा हिशेब नाही. केत्झाल त्याच ट्रोगन कुळातला, म्हणजे आमच्या घाटातल्या पाखराचा दूरदेशी श्रीमंत भाऊबंद. ह्यांनी तेवढं एकच वाक्य बोलून विषय संपवला आणि लेकीने विमानाची तिकिटं काढली.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. सान होसेहून कार्तागोमार्गे दक्षिणेकडे जाणारा आंतर-अमेरिकी महामार्ग धरायचा आणि ऐंशीव्या किलोमीटरच्या दगडापाशी उजवीकडे खाली उतरायचं. हा महामार्ग ‘सेरो दे ला मुएर्ते’ म्हणजे मृत्यूचा डोंगर नावाच्या पट्ट्यातून तीन हजार मीटरच्या वर चढतो. रस्ता व्हायच्या आधी हा डोंगर पायी ओलांडणारे लोक थंडीने गारठून मरत, त्यावरून हे नाव पडलं. दुपारनंतर इथे ढग उतरतात आणि पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, म्हणून सकाळीच निघा. फाट्यापासून खाली खोऱ्यापर्यंतचे नऊएक किलोमीटर अरुंद आणि उभ्या उताराचे आहेत. आंबोलीचा घाट रोजचा असलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये, पण टेक्ससच्या सपाटीवर गाडी चालवणाऱ्या जावयांचे ओठ तेवढा वेळ मिटलेले होते. भाड्याची गाडी घेणार असाल तर एक सांगून ठेवते. इंटरनेटवर दिसणारा दर निम्माच समजा. तिथला सक्तीचा विमा खिडकीशी गेल्यावर वरून लावतात. आम्ही ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी तो आधी नीट सांगितला नव्हता. लेकीने तिथे बरंच भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

आता मूळ मुद्दा. फेरी म्हणजे नेमकं काय विकतात? आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या मालकीणबाईंनी गाइड ठरवून दिला. माणशी शंभर डॉलरच्या आतलाच दर होता. त्यात पहाटे साडेपाचपासून तीनेक तासांची सोबत, तिपाईवरची मोठी दुर्बीण आणि एका शेताचं प्रवेशशुल्क. न्याहारी आपली आपण, परत आल्यावर. ‘केत्झाल दिसला नाही तर पैसे परत’ अशी पाटी त्या रस्त्यावर एके ठिकाणी वाचली. आमच्या गाइडने मात्र असली काही हमी दिली नाही, आणि तिथेच तो मला आवडला. आदल्या संध्याकाळी भेटायला आला तेव्हा पक्ष्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कुठल्या शेतातल्या कुठल्या झाडाला फळं आहेत आणि कुठल्या झाडाची संपत आली, एवढंच लेकीला स्पॅनिशमध्ये सांगत बसला.

त्याचं कारण दुसऱ्या दिवशी समजलं. केत्झाल मुख्यतः फळांवर जगतो, आणि त्यातही त्याचा जीव रान-अवोकाडोवर. तिथे त्याला अग्वाकातिल्यो म्हणतात. हे झाड आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं. गाइडने खाली पडलेलं एक फळ उचलून माझ्या हातावर ठेवलं. मोठ्या बोराएवढं, बुडाशी लाल वाटी, आत भलीथोरली बी आणि तिच्यावर गराचा पातळसा थर. माझ्या परसात दालचिनीची झाडं आहेत, तिला धरतात ती काळी फळं मी दरवर्षी बघते. तीही अशीच इवल्या वाटीत बसतात, फक्त आकाराने बारकी. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घरच्या झाडाचा नातलग भेटला, आणि खरं सांगते, पाखरू दिसण्याआधीच माझे पैसे वसूल झाले होते.

अग्वाकातिल्योच्या अनेक जाती आहेत, त्या एकाच वेळी पिकत नाहीत, आणि डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवर त्यांचा हंगाम पुढेमागे होतो. केत्झाल त्यांच्या मागोमाग डोंगरात वरखाली फिरतो. उत्तरेकडच्या मोंतेवेर्दे भागात शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांना बारके रेडिओ बांधून माग काढला तेव्हा दिसलं, की पिल्लं मोठी झाली की ते घरटं केलेलं ढगांतलं जंगल सोडून खालच्या उतारांवर जातात. हे उतार बऱ्याचदा राखीव जंगलाच्या बाहेर, लोकांच्या खाजगी जमिनीत असतात. म्हणजे नुसतं वरचं अभयारण्य राखून भागत नाही, खालच्या शेतकऱ्याने त्याचं झाड राखायला हवं. दोताच्या खोऱ्यात शेतकऱ्यांना हे पटलंय, कारण त्यात त्यांना चार पैसे मिळतात. ज्याच्या कुरणात फळाला आलेलं झाड, त्याच्या फाटकाशी सकाळी माणसं. तो माणशी ठरावीक पैसे घेतो आणि आत सोडतो. आमच्याकडे वडा-उंबरावर धनेश येतात, पण त्या झाडाच्या मालकाच्या हाती काय पडतं? सरपणाचा व्यापारी येईपर्यंत काहीच नाही. त्यामुळे ते फाटकाशी दिलेले पैसे मला अजिबात जड गेले नाहीत.

पहाटे थंडी आठ-नऊ अंशांची होती. खोरं बावीसशे मीटरवर आहे. ‘उष्ण कटिबंध’ या शब्दावर विसंबून सुती कपडे भरू नका. मी ह्यांचा स्वेटर घातला, ह्यांनी जावयांचा, जावई कुडकुडले. सावेग्रे नदीच्या काठाने थोडं गाडीने आणि मग एका कुरणातून दहा मिनिटं चढ. गुडघेवाल्यांनी काठी न्यावी, गवत ओलं असतं. आजूबाजूला प्रचंड ओक, त्यांच्या फांद्यांवर शेवाळाची जाड गोधडी आणि तिच्यात ऑर्किडं आणि अननसाच्या कुळातली झाडं रुजलेली. पाऊस नव्हता तरी पानांतून थेंब गळत होते. ढगच झाडांना घासून जातात आणि पानाफांद्यांवर पाणी सोडून जातात. या रानाचं निम्मं गणित या ठिबकण्यावर चालतं.

आणि मग तो आला. आला म्हणजे, आधीपासून तिथेच होता. आम्ही पाचजण त्याच झाडाकडे तोंड करून उभे होतो आणि कोणालाच दिसत नव्हता. हिरवी पाठ आमच्याकडे करून, ओल्या चकाकत्या पानांत तो मुकाट बसला होता. गाइडने हिरवा लेझर काढला. पक्ष्यावर नाही हं, त्याच्या खालच्या खोडावर टेकवला आणि तिथून वर किती हात ते सांगितलं. तरी मला वेळ लागला. दुर्बिणीत पहिल्यांदा दिसली ती शेपटी, म्हणजे मी जिला शेपटी समजले ती. खरी शेपटी आखूड असते, वरून काळी, खालून पांढरी. तिच्यावरून रुळतात ती पाठीच्या टोकाची पिसं. नर साधारण छत्तीस ते चाळीस सेंटीमीटरचा, म्हणजे काही फार मोठा नाही. पण ही पिसं त्याच्याही पुढे साठ-पासष्ट सेंटीमीटर लोंबतात. वारा नसतानाही ती हलत होती.

रंगाबद्दल सगळेच लिहितात, मी एवढंच सांगेन की पहिली वीस मिनिटं तो मला काळपट हिरवा दिसला आणि मनात आलं, एवढ्यासाठी एवढा प्रवास? मग ढग सरला, ऊन तिरकं आलं आणि तोच पक्षी पोपटी, मग सोनेरी, मान वळवली तेव्हा निळा. हा हिरवा रंग पिसांत भरलेला नसतोच. पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परततो तसा तो दिसतो, म्हणून प्रकाश बदलला की रंग बदलतो. छातीपोटाचा लाल मात्र अस्सल लाल, ढगातही तसाच. त्यामुळे एक व्यवहाराचं सांगते. गाइड ‘दिसला, झालं, चला पुढे’ म्हणाला तर हलू नका. ऊन येईपर्यंत थांबा. आमचा गाइड स्वतःच थांबला होता.

खाण्याची तऱ्हा बघण्यासारखी. फांदीवर बसून चोच मारणं नाही. हा झेपावतो, फळापाशी क्षणभर हवेतच फडफडत राहतो, तोडतो आणि फांदीवर परत. ट्रोगन मंडळींचे पाय चालण्याच्या कामाचे नसतात, त्यामुळे सगळा कारभार पंखांवर. फळ अख्खं गिळतो आणि मग बसून राहतो. हालचाल नाही, आवाज नाही. लेकीचा धीर सुटायला लागला तेव्हा गाइड म्हणाला, थांबा, आता बी टाकेल. आणि खरंच, त्याने मान थोडी पुढे केली, चोच उघडली आणि स्वच्छ बी टप्पकन खाली. गर पोटात राहतो, बी तोंडावाटे परत येते. झाडापासून लांब जाऊन बी टाकली तर तिथे नवं झाड. या रानातल्या एवढ्या मोठ्या बिया नेऊन टाकणारे पक्षी मोजकेच. हे जे बसून राहणं आहे ना, त्याचा फोटो येत नाही, आणि फेरीतला सगळ्यात चांगला भाग तोच.

मादीही दिसली. तिला लांब पिसं नाहीत, पोट बरंचसं राखाडी, म्हणून कॅमेरेवाल्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरटं जुन्या कुजक्या खोडाच्या ढोलीत असतं, आणि अंडी उबवायला नर-मादी आळीपाळीने बसतात. नर आत बसला की त्याची ती लांब पिसं ढोलीबाहेर लोंबत राहतात. म्हणजे एवढा साज घेऊन त्यालाही घरकामातून सुटका नाही. हे ऐकून मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे लगबगीने दुर्बिणीत बघायला लागले. गाइडने एका शेतकऱ्याच्या बांधावरचं कुजकं खोड दाखवलं. मालकाने ते मुद्दाम पाडलेलं नाही. पिल्लांना पहिले काही दिवस फळं कमी आणि किडे, सरडे जास्त भरवतात हेही त्यानेच सांगितलं.

आता अर्ध्या गुणाचं. त्या एका झाडाखाली साडेसहापर्यंत तीसेक माणसं जमली. कोपराएवढ्या लेन्सा घेतलेली मंडळी पुढे सरकत होती, दोन गटांचे गाइड एकमेकांना हातवारे करत होते, आणि एका पाहुण्याने चक्क मोबाइलवर केत्झालची शीळ वाजवली. विणीच्या दिवसांत असं करणं म्हणजे त्या नराला खोटा शत्रू दाखवणं, त्याचा घरट्यावरचा वेळ त्यात फुकट जातो. आमच्या गाइडने जाऊन त्याला शांतपणे बंद करायला लावलं, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण. पण एका झाडाखाली एका वेळी किती माणसं सोडायची याचा काही नियम तिथे मला दिसला नाही. शेताच्या मालकाला प्रत्येक माणसामागे पैसे मिळतात, तो कशाला अडवेल? जी व्यवस्था झाड वाचवते तीच गर्दीही वाढवते. यावर खोऱ्यातल्या लोकांनीच मिळून काही ठरवावं. शिवाय दुसऱ्या शेताचं शुल्क दरात धरलेलं नाही हे आम्हाला फाटकाशी गेल्यावर कळलं. रक्कम किरकोळ होती, पण आधी सांगायला काय हरकत होती?

बसायला जागा नाही, हीसुद्धा तक्रार मांडून ठेवते. तास-दीड तास उभं राहायचं असेल तर एक ओंडका तरी टाका बाबांनो. स्वच्छतागृह फक्त लॉजवर. बायकांनी त्या हिशेबाने चहा घ्यावा.

परतल्यावर न्याहारी. आम्ही दोघं शाकाहारी (हे मासे सोडून, आणि ती पळवाट त्यांनी खोऱ्यातल्या ट्राउटवर पुरेपूर वापरली). मला काळजी होती, पण गाल्यो पिंतो म्हणजे काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात, वर कोथिंबीर, बाजूला तळलेली पिकी केळी आणि मक्याची रोटी. उपासमार होत नाही. घेवडा चरबीत शिजवलाय का ते विचारून घ्या. आमच्या मालकीणबाईंनी तेलात वेगळा करून दिला. ‘आग्वा दुल्से’ म्हणून गरम पाण्यात गूळ विरघळवून देतात, तो पिऊन ह्यांना कोल्हापूरची आठवण झाली. कॉफीबद्दल बोलायलाच नको, दोता आणि शेजारचं तार्रासू हा त्या देशातला नावाजलेला कॉफीचा मुलूख. कापडाच्या पिशवीतून गाळलेली, बिनदुधाची. मी दुधाची मागितली तर मालकीणबाईंचा चेहरा पडला, पण आणून दिली.

मोंतेवेर्दे की दोता, असं मला निघण्याआधी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मोंतेवेर्देत झुलते पूल, फुलपाखरांची घरं, दोरीवरून घसरायचे खेळ, असं बरंच काही आहे, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर तिकडे जा. फक्त केत्झाल हवा असेल तर दोता. इथे तो जवळपास वर्षभर असतो, पण जानेवारी ते मे हे दिवस चांगले, आणि मार्च-एप्रिल विणीचे. त्यानंतर नरांची लांब पिसं गळतात, मग दिसला तरी बिनसाजाचा दिसेल. आणखी एक गैरसमज आमच्या ओळखीत बऱ्याच जणांचा दिसला. हा कोस्टा रिकाचा राष्ट्रीय पक्षी नाही. तो मान ग्वाटेमालात, त्यांच्या झेंड्यावर आणि चलनाच्या नावातही. कोस्टा रिकाने 1977 मध्ये राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडला तो यिग्विर्रो, मातकट रंगाचा साधा कस्तुरकुळातला पक्षी, जो लॉजच्या अंगणात फिरत होता आणि ज्याच्याकडे पाहायला कोणी एक पैसा घेत नव्हतं.

फेरीत आणखी काय दिसलं ते हे सांगतील तेव्हा यादी संपणार नाही. मला आठवतात ते पाचूच्या रंगाचे छोटे टूकन. तेही त्याच फळांवर येतात आणि संधी साधून दुसऱ्यांची अंडीपिल्लं पळवतात, त्यामुळे ते झाडावर उतरले की केत्झाल अस्वस्थ होतो. आणि लॉजच्या व्हरांड्यातले गुंजनपक्षी, ज्यांच्यासाठी वेगळे पैसे नाहीत. खुर्चीवर बसून बघता येतात, गुडघ्यांचे आशीर्वाद मिळतात.

गाइड ठरवताना ‘केत्झाल दिसेल का’ हा प्रश्न विचारू नका, सगळेच हो म्हणतात. ‘या आठवड्यात कुठल्या झाडाला फळ आहे’ हे विचारा. ज्याला पटकन उत्तर देता येईल त्याला घ्या. किती शेतांचं शुल्क दरात आहे ते आधीच कबूल करून घ्या, शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, कारण सान होसेची मंडळीही तेव्हाच येतात. फाटकावर कार्ड चालत नाही, कोलोन या तिथल्या चलनात सुट्या नोटा ठेवा. स्वेटर प्रत्येकाने आपापला न्यावा.